सर्फबोर्डचं जुनेपण जपा!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी सिडनीला किंवा कॅलिफोर्नियाला राहत असेल, तर जुन्या सामानाच्या विक्रीत लाटांवर स्वार व्हायची एखादी जुनी फळी, म्हणजे सर्फबोर्ड, दिसेल. पिवळट, तडे गेलेला. ‘कशाला ही अडगळ?’ म्हणून पुढे जाऊ नका बरं!

१९६० च्या सुमाराच्या बोर्डात आत फोम, मधोमध लाकडी पट्टी आणि वर फायबरग्लास असतं. तड्यातून फोममध्ये पाणी शिरतं. म्हणून आधी तो सावलीत पूर्ण वाळू द्या. जुनं मेण बोथट पट्टीनं हलकेच खरवडा. मगच तडे रेझिननं बुजवा. पण मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून. घासताना नाकातोंडावर मास्क हवाच.

निर्मात्याची खूण मात्र घासू नका, पिवळेपणावर रंगही फासू नका. आजीची पैठणी विटली म्हणून आपण ती रंगवतो का? हवाईच्या ड्यूक कहानामोकूनं १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीत पाइनच्या लाकडाची फळी स्वतः घडवली. फ्रेशवॉटरच्या क्लबनं ती जपून ठेवली आहे. नवी दिसते म्हणून नव्हे, त्याच्या हातची आहे म्हणून!