वासरांतील कोलाय जंतू : वंश आणि उसनवारी

नवजात वासरास हगवण लागली व त्याच्या शेणात कोलाय जंतू आढळला, एवढ्यावरून रोगाचे कारण सिद्ध होत नाही. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या मलातून वर्णिलेला हा जंतू निरोगी वासराच्या आतड्यांतही नांदत असतो. म्हणून सापडलेला जंतू कोणत्या प्रकारचा, हे ठरविणे प्राप्त होते.

१९४० च्या दशकात कोपनहेगन येथे फ्रिट्स कौफमन यांनी पृष्ठभागावरील प्रतिजनांवरून या जंतूचे प्रकार पाडले. जनुकीय वर्गीकरण याहून खोल जाते. त्याच्या दोन दिशा आहेत. पहिली वंशाची : पेशीच्या नित्यव्यवहारास आवश्यक अशा सात जनुकांतील अक्षरक्रम ताडून जंतूचे कूळ निश्चित करतात. दुसरी सामर्थ्याची : आतड्यास चिकटविणारे प्रथिनतंतू व विष यांची जनुके जंतूजवळ आहेत काय, हे पॉलिमरेज साखळी-अभिक्रियेने पाहतात.

या दोन्ही उत्तरांचा मेळ बसेलच असे नाही. भाषाभ्यासकास याचे नवल वाटू नये. भाषेचे कूळ मूलभूत शब्दसंग्रह व व्याकरण यांवरून ठरते. उसने शब्द मात्र कुळाची सीमा ओलांडून जातात. रोगकारक जनुकांपैकी कित्येक प्लाझ्मिड नामक फिरत्या वर्तुळाकार रेणूवर असतात. डुकरांच्या पिलांत रोग निर्माण करणाऱ्या जंतूंचे 'के ८८' हे प्रतिजन एका जंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होते, असे इडा व फ्रिट्स ऑर्स्कोव्ह यांनी १९६६ मध्ये दाखविले. अर्थात्, केवळ कुळावरून रोगकारकतेचा निर्णय करता येत नाही.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. वासरांत 'एफ ५' (पूर्वीचे 'के ९९') तंतू धारण करणारा जंतू जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लहान आतड्यास चिकटतो. त्याच्या उष्णतारोधी विषामुळे पाणी व क्षार आतड्यांत पाझरतात आणि वासरू शुष्क होऊन दगावू शकते. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भास मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. म्हणून गाभण गाईस 'एफ ५' विरुद्ध लस देतात व वासरास वेळेवर चीक पाजतात. परंतु हगवणीचे कारण रोटा विषाणू असेल, तर केवळ 'एफ ५' विरुद्धची लस निरुपयोगी ठरते. प्रकारनिश्चिती ही अशा रीतीने उपायाची पूर्वअट होय.