मोटारगाडीतील वाऱ्याचा आवाज व ध्वनिनिरोधन

धावत्या मोटारगाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहामुळे उत्पन्न होणारा ध्वनी काचा, पत्रा व सांध्यांतील फटी यांतून आत येतो. त्याला वाऱ्याचा आवाज व तो आत येऊ न देण्याच्या योजनेला ध्वनिनिरोधन म्हणतात. गाडीतील गोंगाटाचे मुख्य उगम तीन आहेत : एंजिन व त्याची निष्कास नळी, रस्त्यावर घासणारे टायर आणि वारा. गावातील संथ वाहतुकीत एंजिनाचा, मध्यम वेगास टायरचा आणि ताशी सु. १०० किमी.च्या पुढे सामान्यतः वाऱ्याचा आवाज प्रभावी असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत एंजिनाचा आवाज नसल्यामुळे वारा व टायर यांचा आवाज कमी वेगासही जाणवू लागतो.

हा आवाज केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. सतत गोंगाटात गाडी चालविल्याने थकवा येतो, संभाषणासाठी आवाज चढवावा लागतो व बाहेरचे इशारे दबून जातात. पूर्ण बंद गाडीत महामार्गावरील ध्वनिपातळी सर्वसाधारणपणे ६५ ते ७५ डेसिबेल असते. तिच्यामुळे बहिरेपणा येत नाही. मात्र उघड्या खिडकीशी असलेल्या कानाजवळ ती ८५ डेसिबेलच्या पुढे जाऊ शकते. रोज आठ तास या पातळीत राहणे श्रवणशक्तीला अपायकारक समजले जाते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या व्यावसायिक चालकाच्या दृष्टीने हा आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

उत्पत्ती : वाऱ्याचा आवाज तीन प्रकारे उत्पन्न होतो. (१) गाडीच्या पृष्ठभागावरून सुरळीत वाहणारी हवा तीव्र वळणापाशी पृष्ठभाग सोडते व तेथे भोवरे निर्माण होतात. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब, बाजूचे आरसे, पाणी पुसणारे वायपर आणि छतावरील सामानाचे कठडे ही अशी स्थाने होत. खांबामागील भोवरा थेट चालकाच्या खिडकीच्या काचेवर आदळतो. म्हणून त्याच्या कानाजवळ हा आवाज सर्वाधिक असतो. (२) खिडकीलगत हवेचा वेग वाढला की, बेर्नुली तत्त्वानुसार तेथील दाब कमी होतो. आतील दाब तुलनेने अधिक असल्यामुळे दाराची वरची चौकट व काच किंचित बाहेर ओढली जातात, रबराची पकड सैल होते आणि फटीतून हवा सूं-सूं करीत बाहेर निसटते. उभ्या गाडीत घट्ट वाटणारे दार वेगात का गळते, याचे कारण हेच. (३) एकच खिडकी उघडी असता गाडीची पोकळी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्याप्रमाणे घुमू लागते. या अनुस्पंदनाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) सु. १५ ते २० हर्ट्‌झ असते. ती ऐकू येण्यापेक्षा कानावरील धडधडणाऱ्या दाबाच्या रूपाने जाणवते. दुसरी खिडकी थोडी उघडली की ही धडधड थांबते.

दंडगोल वस्तूमागे भोवरे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात व विशिष्ट सूर उमटतो. चेक भौतिकीविज्ञ चेनेक स्ट्राउहल यांनी १८७८ मध्ये या सुराचा अभ्यास केला. त्याची कंप्रता हवेच्या वेगाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येच्या सु. एक-पंचमांश असते. ताशी ९० किमी. वेगाला (सेकंदास २५ मी.) छतावरील २० मिमी. जाड दांडा सु. २५० हर्ट्‌झचा घूंकार, तर ५ मिमी. जाडीची रेडिओची आकाशक-काडी सु. १,००० हर्ट्‌झची शीळ उत्पन्न करते. काडीभोवती मळसूत्राप्रमाणे तार गुंडाळली, तर भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत व शीळ मोडते.

वेग व आवाज : प्रवाहजन्य ध्वनीचा गणिती पाया इंग्रज गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये घातला. घन पृष्ठभागाच्या सान्निध्यात हा ध्वनी हवेच्या वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असे १९५५ मध्ये कर्ल यांनी दाखविले. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास पातळी सु. १८ डेसिबेलनी वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किमी. वेगाने जाताना ही वाढ सु. ६ डेसिबेल, म्हणजे ध्वनिशक्तीच्या सु. चौपट असते. फटीतून निसटणाऱ्या हवेचा आवाज वेगाच्या चौथ्या घाताच्या जवळपास वाढतो; त्यामुळे कमी वेगातही तो ऐकू येतो.

येथे वेग म्हणजे जमिनीच्या नव्हे, तर हवेच्या संदर्भातील वेग होय. तापी खोऱ्यात हा भेद ठळकपणे अनुभवास येतो. पावसाळ्यात या भागात पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या येथील वाऱ्याच्या जोरावरच. शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाहून पश्चिमेस नंदुरबारकडे ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर ताशी २० किमी. वेगाचा वारा असल्यास हवेशी तिचा सापेक्ष वेग १०० किमी. होतो. परतताना तोच ६० किमी. राहतो. सहाव्या घाताच्या नियमाने या दोन खेपांतील फरक सु. १३ डेसिबेल येतो. साहजिकच जाताना सदोष वाटलेली गाडी येताना निर्दोष वाटते. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची तुलना एकाच दिशेने, एकाच वेगाने व शक्यतो वारा पडलेला असताना केली, तरच ती ग्राह्य ठरते.

निरोधनाचे तत्त्व : भिंत जितकी जड तितका ध्वनी कमी पलीकडे जातो. दर चौ.मी. वस्तुमान दुप्पट केल्यास निरोधन सु. ६ डेसिबेलनी वाढते; कंप्रता दुप्पट झाल्यासही तेवढेच वाढते. ०·८ मिमी. जाड पोलादी पत्र्याचे वस्तुमान दर चौ.मी.ला सु. ६·३ किग्रॅ. व ४ मिमी. जाड काचेचे सु. १० किग्रॅ. असते. १,००० हर्ट्‌झला असा पत्रा सु. ३० डेसिबेल निरोधन करतो, म्हणजे एक-हजारांश ध्वनिशक्तीच पलीकडे जाऊ देतो. जीपच्या कापडी टपाचे वस्तुमान अत्यल्प असल्याने तो ऊन व पाऊस अडवितो, ध्वनी जवळजवळ अडवीत नाही.

मात्र फटीला हा नियम लागू नाही. तिच्यातून ध्वनी जवळजवळ अडथळ्याविना जातो. १ मी. लांब व १ मिमी. रुंद फटीचे क्षेत्रफळ १० चौ. सेंमी., म्हणजे १ चौ.मी. पत्र्याच्या एक-हजारांश असते. अर्थात ती फट एकटीच सबंध पत्र्याइतका ध्वनी आत सोडते. पत्र्याला अस्तर लावून त्याचे निरोधन ३० वरून ४० डेसिबेलपर्यंत वाढविले, तरी फट तशीच राहिल्यास दाराचे एकंदर निरोधन ३० डेसिबेलच्या आतच राहते. फटी बुजविण्यापूर्वी जाड अस्तरांवर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो, तो यामुळे.

काचेच्या बाबतीत आणखी एक उणीव असते. ४ मिमी. जाड काच सु. ३,००० हर्ट्‌झला हवेतील तरंगांशी जुळवून घेऊन कंप पावते व तेथे तिचे निरोधन घटते. मानवी कान याच पट्ट्यात फार संवेदनशील असतो. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा मऊ थर असलेल्या स्तरित काचेत ही उणीव बरीच कमी होते.

बांधणीतील बदल : आरंभीच्या मोटारगाड्या उघड्या होत्या, १९२०–३० या दशकात बंद गाड्यांचा प्रसार झाला, तसा आतील गोंगाटाचा प्रश्न पुढे आला. भारतात १९५८ ते २०१४ या काळात तयार झालेली ॲम्बॅसडर आणि मुंबईत तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांना छताच्या कडेला पत्र्याची पन्हळ व पुढील दारात फिरणारी त्रिकोणी काच असे. दोन्ही सोयी उपयुक्त असल्या, तरी वाऱ्याच्या दृष्टीने त्या अडथळेच होत. १९८० नंतरच्या गाड्यांत काचा पत्र्याच्या पातळीत आल्या, पन्हळ दाराच्या सांध्यात लपली आणि आरशांचा आकार वातविवरातील चाचण्यांवरून ठरू लागला.

दोष शोधणे : यासाठी महाग उपकरणांची आवश्यकता नाही. (१) कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निघेल तेथे रबर दबलेले नाही असे समजावे. (२) काचा लावून आतील पंखा पूर्ण वेगाने बाहेरची हवा घेईल असा चालू करावा व बाहेरून दारांच्या कडेने उदबत्ती फिरवावी. धूर विचलित होईल तेथे गळती असते. (३) सर्व सांध्यांवर बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून गाडी चालवावी. आवाज घटल्यास एकेक पट्टी काढीत तोच रस्ता पुन्हा पुन्हा पार करावा. ज्या पट्टीबरोबर आवाज परत येतो तेथे दोष असतो. सर्व पट्ट्या लावूनही आवाज तसाच राहिल्यास उगम आरसा, कठडा किंवा टायर यांत शोधावा.

उपाय : क्रम उगम, फटी, पत्रा व शेवटी अस्तर असा असावा. वापरात नसलेले छतावरील कठडे काढणे हा बिनखर्चाचा उपाय होय. त्यानंतर दाराचे रबर (गॅरेजमधील बोलीत बीडिंग) पाहावे. ते बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असते. ऊन व ओझोन यांना ते चांगले तोंड देते, परंतु वर्षानुवर्षे दाबून राहिल्याने त्याचा फुगीरपणा कायमचा जातो. खानदेशात मे महिन्यात तापमान ४४° से.च्या वर जाते व उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. त्यातच बारीक धूळ रबर घासून काढते. म्हणून रबर ओल्या फडक्याने पुसून त्याला सिलिकोनचे वंगण लावावे. खनिज तेल वा ग्रीज लावल्यास ईपीडीएम फुगते व बिघडते. अपघातानंतर दार वाकलेले असल्यास नवे रबरही उपयोगी पडत नाही. प्रथम बिजागरी व कडी जुळवून घ्यावी लागते.

पत्र्याच्या कंपनाचे अवमंदन करण्यासाठी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा जोडलेले ब्यूटिल रबराचे तक्ते चिकटवितात. सबंध पत्रा मढविण्याची गरज नसते, मधला सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग पुरतो. छतासाठीच्या स्वस्त डांबरी पट्ट्या उन्हाळ्यात मऊ होऊन ओघळतात व त्यांचा वास आत कोंडतो. नमदा व सच्छिद्र फेस हे आतील ध्वनी शोषून घेतात, परंतु उच्च कंप्रतेचाच. १,००० हर्ट्‌झची तरंगलांबी सु. ३४ सेंमी. असल्याने २ सेंमी. जाडीच्या थराचा त्याखालील आवाजावर फारसा परिणाम होत नाही.

काही बाबी कटाक्षाने टाळाव्यात. दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजविल्यास पत्रा आतून गंजतो. मागील बाजूची हवा बाहेर जाण्याची झडप बंद केल्यास दार लावताना कानावर दाब येतो व हवा खेळत नाही. अस्तर एंजिनाच्या बाजूस लावावयाचे असल्यास ते अज्वलनशीलच असावे.

मापन व नियम : वाहनांच्या कंपन व गोंगाट यांच्या चाचण्या पुणे येथील भारतीय स्वयंचलित वाहन संशोधन संस्थेत (स्थापना १९६६) होतात. चालकासह नऊपेक्षा अधिक आसने नसलेल्या नव्या प्रवासी मोटारगाडीच्या बाहेरील ध्वनीची मर्यादा १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबेल ठरविण्यात आली. ही चाचणी ताशी सु. ५० किमी. वेगाने येऊन गती वाढविणाऱ्या गाडीवर, रस्त्याच्या कडेला घेतात. या वेगास वाऱ्याचा आवाज नगण्य असतो. शिवाय मर्यादा बाहेरील लोकांच्या संरक्षणासाठी आहे. त्यामुळे चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी महामार्गावर आतून शांत असेलच असे नाही, ही गोष्ट गाडी घेताना ध्यानात ठेवावी.

अतिरिक्त निरोधनालाही मर्यादा असावी. रुग्णवाहिकेचा भोंगा, मागून येणाऱ्या मालमोटारीचा कर्णा व स्वतःच्या गाडीतील बिघाडाचा आवाज चालकास ऐकू येणे आवश्यक असते. निरोधनाचे उद्दिष्ट गाडीत निःशब्दता आणणे हे नसून, ऐकावयाचे आवाज ज्यात बुडून जातात तो निरर्थक गोंगाट दूर करणे हे आहे. [⟶ अनुस्पंदन, ध्वनिकी, मोटारगाडी].