पाळीचे दिवस आणि पोहण्याचा पहिला महिना

कोल्हापूरला पोहण्याचे नवल नाही. पंचगंगेचा घाट, रंकाळा, कळंब्याचा तलाव आणि करवीर-पन्हाळ्याच्या शिवारांतल्या विहिरी यांच्या जोरावर या भागातल्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या आणि याच शहराच्या वीरधवल खाडे याने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहून पुढे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले. विहिरीवरच्या शिक्षणाची एक मर्यादा मात्र होती. पाठीला डबा बांधून पाण्यात ढकलणारा हात बहुधा वडिलांचा, चुलत्याचा किंवा थोरल्या भावाचा असे आणि मुलगी वयात आली की ज्या अडचणीविषयी या माणसांशी बोलण्याची सोय नसे, त्या अडचणीपाशीच तिचे पोहणे थांबण्याचा संभव मोठा असे. आता शिकण्याची जागा विहिरीवरून जलतरण तलावावर आली आहे, शिकणाऱ्यांत मुलींबरोबर तिशी-चाळिशीतल्या गृहिणीही दिसतात, पण तो जुना अबोला पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

उन्हाळी सुट्टीतला पोहण्याचा वर्ग साधारणपणे महिन्याभराचा असतो. पाळीचे चक्र, म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा काळ, प्रौढ स्त्रीत सामान्यतः २१ ते ३५ दिवसांचे आणि प्रत्यक्ष रक्तस्राव दोन ते सात दिवसांचा असल्यामुळे, महिन्याच्या वर्गात पाळी येणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. पट्टीच्या पोहणारीचे चार-पाच दिवस बुडाल्याने फारसे बिघडत नाही. नवशिकीचे तसे नसते, कारण तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे, अंग सैल सोडून तरंगणे आणि काठ सोडून पाय मारणे या पहिल्या तीन गोष्टी रोजच्या सरावाने अंगवळणी पडतात, आणि मध्ये खंड पडला की कौशल्याच्या आधी मोडलेली भीती पुन्हा मूळ धरते. तेव्हा पाळीत पोहावे की नाही, हा प्रश्न नवशिकीच्या बाबतीत आवडीनिवडीपुरता राहत नाही, तिचे शिकणे पुरे होणार की नाही याच्याशी तो जोडलेला असतो.

वैद्यकशास्त्राचे उत्तर सरळ आहे. निरोगी स्त्रीने पाळीत पोहण्यास हरकत नाही. पाण्यात उतरल्याने पाळी ‘अडकते’ किंवा पोटात गारठा शिरून गर्भाशयाला इजा होते, या समजुतींना आधार नाही. योनिमार्गाच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात आणि गर्भाशयाचे मुख अरुंद व चिकट स्रावाने बंद असल्यामुळे तलावाचे पाणी गर्भाशयात शिरत नाही. याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच चुकीची आहे, ती म्हणजे पाण्यात पाळी आपोआप थांबते. स्राव चालूच असतो, फक्त बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे तो बाहेर पडण्याचे प्रमाण काही वेळ कमी होते, आणि खोकला आला, हसू फुटले किंवा शिडीवरून वर येताना तो दाब सुटला की थांबलेले रक्त एकदम उतरू शकते. नवशिकी सतत काठावर चढते, बसते, पुन्हा उतरते, म्हणून पाण्याच्या दाबावर तिने विसंबू नये.

नेहमीचे सॅनिटरी पॅड येथे उपयोगाचे नाही. त्याच्या गाभ्यात द्रव शोषून फुगणारी पावडर असते आणि ती रक्त आणि तलावाचे पाणी असा भेद करत नाही. पाण्यात उतरताच पॅड पाणी पिऊन जड होते, चिकटपट्टी सुटते आणि ते आपले काम करेनासे होते. अडचण अशी की पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ६४ टक्के सॅनिटरी नॅपकिन वापरतात, कित्येक जणी त्याच्या जोडीला कापडही वापरतात, पण पाण्यात चालणारा पाळीचा कप वापरणाऱ्यांचे प्रमाण एक टक्काही भरत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या महिला दिनी सुरू केलेली अस्मिता योजना आणि त्याच वर्षी नॅपकिनवरचा वस्तू व सेवा कर रद्द होणे यांनी पॅड स्वस्त आणि बोलण्यासारखे झाले, हे मोठेच काम झाले, मात्र पॅडच्या पलीकडची साधने त्यामुळे घरोघर पोचली नाहीत.

पाण्यात उपयोगी पडणारी साधने मुख्यतः दोन. टॅम्पॉन ही दाबून बसवलेल्या कापसाची वा तत्सम धाग्यांची बोटाएवढी गुंडाळी योनिमार्गात ठेवायची असते आणि बाहेर राहिलेल्या दोऱ्याने ती ओढून काढतात. पोहताना तीही थोडे पाणी शोषते, म्हणून पाण्याबाहेर आल्यावर ती लवकर बदलावी, आणि एरवीही आठ तासांहून अधिक ठेवू नये. अमेरिकेत १९८० मध्ये टॅम्पॉनशी निगडित ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ या विकाराची मोठी साथ दिसली. स्टॅफिलोकोकस जातीच्या जिवाणूच्या विषामुळे होणारा हा विकार फार दुर्मिळ असला तरी घातक आहे, आणि एकाएकी चढलेला ताप, अंगावर पुरळ, उलट्या आणि भोवळ ही लक्षणे दिसताच टॅम्पॉन काढून तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

दुसरे साधन म्हणजे पाळीचा कप. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा हा लवचिक पेला रक्त शोषत नाही, ते साठवतो. त्यात साधारण २० ते ३० मिलिलीटर द्रव मावतो, तर संपूर्ण पाळीत जाणाऱ्या रक्ताचे सरासरी प्रमाण ३० ते ४० मिलिलीटरच असते, त्यामुळे तासाभराच्या पोहण्यात कप भरून वाहण्याची भीती क्वचितच उरते. कप घडी करून आत सरकवला की आत उलगडतो आणि त्याची कड योनिमार्गाच्या भिंतीला घट्ट बसते. काढताना नुसती खालची दांडी ओढायची नसते, बुडाशी चिमटीत दाबून आधी ती पकड सोडवायची असते. हे न कळल्याने कित्येक जणी पहिल्याच दिवशी घाबरून कप कायमचा कपाटात टाकतात. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवलेले कॉपर-टीसारखे साधन असलेल्या स्त्रीने कप वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण ओढाताणीत तांबी सरकू शकते.

नवशिकीने ध्यानात ठेवण्याची खरी गोष्ट येथेच आहे. कप आणि पोहणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकायला घेऊ नयेत. मे महिन्याच्या वर्गात नाव घालायचे असेल तर मार्च-एप्रिलच्या पाळीत घरीच, सुट्टीच्या दिवशी, हात स्वच्छ धुऊन, उकिडवे बसून कपाचा सराव करावा. तो नीट बसला तर चालता-वाकताना जाणवत नाही, टोचत असेल तर पुरता उलगडलेला नसतो किंवा माप चुकलेले असते. दोन-तीन पाळ्यांत बहुतेकींना ते जमते. पाण्याची धास्ती आणि कपाची धास्ती एकत्र आली की अंग आखडते, आणि आखडलेले अंग तरंगत नाही.

कप किंवा टॅम्पॉन म्हटले की घरातून कौमार्याचा प्रश्न पुढे येतो, आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. योनिपटल हे मुळात छिद्र असलेले लवचिक आवरण असते, प्रत्येकीत त्याची ठेवण निराळी असते, आणि त्याच्या अवस्थेवरून शरीरसंबंधाचा निर्वाळा देता येत नाही. हा संकोच केवळ आपल्याकडचा नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीनंतर फू युआनहुई या चिनी जलतरणपटूने आदल्या रात्री पाळी आल्याचे दूरदर्शनवर सहज सांगितले, तेव्हा पाळीत पोहता येते हेच ठाऊक नसलेल्या तिच्या असंख्य देशबांधवांना आश्चर्य वाटले. तरीही ज्या मुलीच्या मनाची तयारी नाही तिच्यावर कपाची सक्ती करू नये. शेवटच्या दिवसांतल्या अल्प स्रावासाठी आतून शोषक थर असलेले पोहण्याचे कपडे मिळतात, मात्र जोराच्या दिवसांत ते पुरत नाहीत.

इतर पोहणाऱ्यांच्या आरोग्याचा आक्षेप आकडेमोडीने तपासता येतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी असते. एखादीचे पाळीतले निम्मे रक्त एकाच दिवशी गेले असे धरले तरी ताशी प्रमाण मिलिलीटरभरही होत नाही, आणि क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर एवढ्याने कोणाला संसर्ग होण्याची भीती नसते. त्यापेक्षा अंग न धुता उतरणारे आणि पाण्यात लघवी करणारे यांचा तलावाला कितीतरी अधिक उपद्रव होतो, पण त्यांना कोणी पाच दिवस बाजूला बसवत नाही. पिण्याच्या पाणवठ्यापासून पाळीतल्या बाईने दूर राहण्याचा जुना दंडक क्लोरीनच्या तलावालाही लावला जातो, एवढाच या आक्षेपाचा अर्थ.

नदी-तलावांची गोष्ट वेगळी, आणि तिचा पाळीशी संबंध कमी. पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी हा जुना प्रश्न आहे, याच नदीकाठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, तेव्हा अशा पाण्यात पाळी असो वा नसो, नवशिकीने उतरू नये हेच बरे.

पाळीतल्या पोटदुखीचे कारण प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये होत, ती गर्भाशयाचे स्नायू आकुंचित करतात. हलक्या व्यायामाने ही कळ अनेकींना सुसह्य होते, फार गार पाण्याने मात्र काहींची वाढते. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या पोहण्याच्या वर्गासाठी परस्पर घेणे अनुचित होय, कारण त्या संप्रेरकांच्या गोळ्या आहेत आणि रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असलेल्या स्त्रीला त्या बाधू शकतात. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, हेही विसरून चालणार नाही. जिला दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागते किंवा दोन जिने चढून धाप लागते, तिने पाण्यात उतरण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. खोल पाण्यात आलेली भोवळ आणि जमिनीवरची भोवळ यांत फार अंतर आहे.

उरतो तलावाच्या व्यवस्थेचा भाग. कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी, हाताशी नळ, झाकणाचा कचरा-डबा आणि महिलांच्या वेळेला महिला प्रशिक्षक एवढे असले तरी निम्मी अडचण सरते. प्रशिक्षक पुरुष असेल तर त्याने कारण न विचारता ‘आज काठावरचा सराव’ असा पर्याय सर्वांनाच खुला ठेवावा. जी उतरणार नाही तिने काठावर बसून पाय मारावेत, हातांच्या हालचाली उभ्याने कराव्यात आणि घरी बादलीत तोंड बुडवून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडावेत. श्वासाची ही लय मोडली नाही तर पाचव्या दिवशी तिला वर्गाबरोबरच पुढे जाता येते.