गणित घ्यावे की एस.पी.?

दहावीचा निकाल लागला, की आम्हां गणिताच्या मास्तरांकडे पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग आईबाप येतात. मूल वाणिज्य शाखेला जाणार, एवढे घरात ठरलेले असते. अडते ते पुढे. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावी-बारावीत वाणिज्याच्या विद्यार्थ्यापुढे ‘गणित व संख्याशास्त्र’ किंवा ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ असा पर्याय असतो. या दुसऱ्याला सारी मुले नुसते एस.पी. म्हणतात. कंपनीचा चिटणीस भागधारकांना पत्रे कशी लिहितो, भाग नि कर्जरोखे कसे काढतात, असे सारे त्यात येते. विषय वाईट नाही. पाठांतर करणाऱ्याला गुणही बरे देतो, आणि पालक भुलतात ते इथेच.

यंदा एक गृहस्थ कन्येला घेऊन आले. “मास्तर, हिला गणितात ६३ आहेत. उगाच टक्केवारी कशाला पाडायची?”

मी मुलीला विचारले, “पुढं काय करायचंय, बाळ?”

“अर्थशास्त्र. जमलं तर दिल्लीला.”

वडिलांना ही बातमी नवीच असावी! मी त्यांना सांगितले, की दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.ला जायचे तर बारावीला गणित हवेच. सी.ए.ला तशी अट नाही, हे खरे. पण त्याच्या फाउंडेशन परीक्षेत १०० गुणांचा एक पेपर व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचाच आहे. म्हणजे दारातून हाकललेले गणित खिडकीतून आत येते.

“पण ते सायन्सवाल्यांचं गणित हिला झेपेल का?” गृहस्थ म्हणाले.

हा गैरसमज घरोघरी आहे. वाणिज्याचे गणित वेगळे. त्यात विकलन-संकलन आहे खरे. पण जोडीला कमिशन, दलाली, विमा, निर्देशांक आहेत. कोणते काम कोणाला दिले म्हणजे खर्च कमीत कमी येईल, असलीही उदाहरणे आहेत. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ती ओळखीची वाटावीत!

गुणांपेक्षा मी दुसरेच पाहतो. मुलीपुढे वर्गसमीकरणांची तीन उदाहरणे ठेवली. दोन सुटली. तिसऱ्यात ती अडली, आणि माझ्याकडे न पाहता पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासू लागली. वडील घड्याळ पाहत होते. मी म्हटले, “गणित घेऊ द्या.”

त्याच आठवड्यात आलेल्या एका मुलाला मात्र मी एस.पी. सुचवले. त्याला ७८ गुण होते, पण उदाहरण अडले की तो वही मिटायचा. शिवाय ओढ होती ती हॉटेलच्या धंद्याची. त्याच्या मातोश्रींना माझा सल्ला मुळीच रुचला नाही. पुढच्या वेळी पेढे येतील की नाही, शंकाच आहे.