उतारू घडविणारी आगगाडी

जपानातील ओसाका शहराच्या उमेदा स्थानकात दुपारच्या वेळी उभे राहिले असता एक मनोहर दृश्य वारंवार दिसते. कोबे, ताकाराझुका आणि क्योतो या तीन दिशांच्या तीन विजेच्या गाड्या एकाच क्षणी फलाट सोडतात, जोडीजोडीच्या सहा रुळवाटांवरून खांद्याला खांदा लावून योदो नदीचे विशाल पात्र ओलांडतात, आणि पैलतीरावरील जुसो स्थानकानंतर आपापल्या वाटेला लागतात. तिन्हींचा रंग एकच, जुन्या शिसवी पेटीसारखा गडद तांबूस. आत लाकडाच्या शिरा दाखविणारे तक्ते आणि हिरव्या मखमाली आसनांच्या रांगा. या गाड्या सरकारी नाहीत. त्या ‘हान्क्यू’ नावाच्या खासगी कंपनीच्या आहेत, आणि शतकाहून अधिक काळ तिने चालविलेला कारभार नगररचनेत रस असणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे.

1906 साली कायदा करून जपान सरकारने देशातील प्रमुख खासगी लोहमार्ग आपल्या अंमलाखाली घेतले. त्यानंतर 1907 मध्ये स्थापन झालेल्या ‘मिनोओ-आरिमा विद्युत रेल्वे’ या छोट्या कंपनीचे, म्हणजेच आजच्या हान्क्यूच्या मूळ रूपाचे, भवितव्य कोणासही आशादायक वाटत नव्हते. बाजारात मंदी आली होती, जवळजवळ निम्म्या भागांना गिऱ्हाईक मिळेना, आणि नियोजित मार्ग तर शेते, टेकड्या व विरळ खेडी यांमधून जाणारा. मित्सुई पेढीतील नोकरी सोडून आलेले कोबायाशी इचिझो यांनी हे बुडते खाते आपल्या शिरावर घेतले. ओसाका ते इकेदा या टापूतून मार्गाच्या कडेकडेने ते पायी हिंडले, आणि ज्या ओसाड जमिनीकडे बोट दाखवून लोक ‘येथे उतारू कोठून येणार’ असे विचारीत होते, तीच जमीन त्यांना कंपनीची खरी ठेव वाटली. उतारू नसतील तर ते वसवावेत, आणि जमीन स्वस्त आहे तोवरच ती खरेदी करावी, असा निर्धार त्यांनी केला.

त्या काळी ओसाका म्हणजे कारखान्यांच्या धुराड्यांचे शहर. तेथील कारकून, शिक्षक आणि पेढीवरील नोकरदार यांना स्वच्छ हवेत स्वतःचे घर हवे होते. परंतु एकरकमी किंमत देण्याची त्यांची ऐपत नव्हती. 10 मार्च 1910 रोजी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा येथे कंपनीने सुमारे साडेतीन हजार चौरस फुटांच्या भूखंडांवर बांधलेली घरे दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी विकावयास काढली. हप्ता फेडणारा गृहस्थ रोज सकाळी कंपनीच्याच गाडीने कचेरीत जाऊ लागला. लोहमार्गामुळे जमिनीचा जो भाव वाढतो आणि एरवी दलालांच्या पदरात पडतो, तो येथे लोहमार्गाच्याच उपयोगी आला.

तथापि सकाळी शहराकडे भरून जाणारी गाडी परतताना रिकामी यावी, हा उपनगरी वाहतुकीचा जन्मजात दोष आहे. त्यावर उपाय म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, कंपनीने उष्णोदकाची स्नानगृहे बांधली. तेथील बंदिस्त जलतरण तलाव पाण्याच्या गारठ्यामुळे आणि स्त्रीपुरुषांना एकत्र पोहण्याची परवानगी नसल्यामुळे फसला, तेव्हा तलावावर फळ्या टाकून तेथे प्रेक्षागृह करण्यात आले, आणि 1914 साली त्या रंगमंचावर केवळ मुलींनी नटलेली संगीतिका सादर झाली. आज जगभर ख्याती पावलेल्या ताकाराझुका रंगभूमीचा उगम हा असा आहे. पुढे 1929 मध्ये क्वान्सेई गाकुइन हे विद्यापीठ कंपनीच्या साहाय्याने निशिनोमिया येथे स्थलांतरित झाले, आणि सकाळच्या उलट दिशेच्या गाड्यांना विद्यार्थी लाभले.

1920 साली कोबे मार्ग सुरू झाला तेव्हा आमच्या गाडीत बसावयास भरपूर जागा असते, हे कंपनीने जाहिरातीत भूषण म्हणून मिरविले. लोंबकळत प्रवास करणाऱ्या मुंबईकराने हे वाक्य दोनदा वाचावे. 1929 मध्ये उमेदा स्थानकाला लागून कंपनीने स्वतःचे मोठे वस्तुभांडार उघडले. मंदीच्या दिवसांत तेथील उपाहारगृहात गरीब तरुण नुसता भात मागवीत आणि मेजावरील सॉस त्यावर ओतून जेवीत. अशा गिऱ्हाइकांना मज्जाव करावा असे नोकरवर्गाला वाटले. परंतु कोबायाशींनी नुसता भात खाणाऱ्यांचेही स्वागत आहे असे जाहीर केले. हे तरुण आज निर्धन असले तरी उद्या संसार थाटतील आणि मुलाबाळांसह येथेच येतील, असा त्यांचा हिशेब होता; त्या हिशेबात माणुसकी आणि व्यवहार यांची फारकत नव्हती.

1957 मध्ये कोबायाशी निवर्तले, पण उतारूंविषयीची ती दृष्टी मागे राहिली. 1967 साली किता-सेन्री स्थानकात तिकीट स्वतः तपासणारी दारे बसविण्यात आली. अशा दारांच्या इतिहासात त्या स्थानकाचे स्थान अग्रभागी आहे. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपाने इतामी स्थानक कोसळले, कोबे मार्ग अनेक ठिकाणी उद्ध्वस्त झाला. परंतु 12 जून रोजी, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, त्या मार्गावर पुन्हा अखंड गाडी धावली.

ज्या आरिमा गावाचे नाव कंपनीने आरंभी धारण केले, तेथवर तिचे रूळ कधीच पोहोचले नाहीत. त्याची खंत कोणी केल्याचे दिसत नाही. कारण वाटेत वसलेली घरे, शाळा आणि रंगभूमी हेच तिचे खरे मुक्काम ठरले. मुंबई-पुण्याभोवती आज नवे मार्ग आखले जात आहेत. आराखडा कायम करणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्यांनी त्या वाटेने एकदा पायी चालावे, आणि उद्या तेथे कोण राहणार आहे याचा विचार आधी करावा.