बुटाचे अस्तर, अतिशीत हवामानातील

अतिशीत प्रदेशांत वापरावयाच्या बुटाचे बाह्य कवच व पाय यांच्या दरम्यान असणारे ऊष्मारोधक आवरण. ते बुटाला कायमचे जोडलेले किंवा सुटे असते. अस्तर स्वतः ऊष्मा निर्माण करीत नाही. त्याच्या तंतूंत कोंडलेली स्थिर हवा पायाची ऊष्मा बाहेर जाऊ देत नाही. पाण्याची ऊष्मासंवाहकता हवेच्या सु. २५ पट असल्याने घामाने भिजलेल्या अस्तराची निरोधनक्षमता फार घटते व हिमदंशाचा धोका वाढतो.

उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोक रेनडियरच्या कातड्याच्या बुटांत केरेक्स प्रजातीचे वाळलेले गवत भरीत आणि ते वेळोवेळी काढून वाळवीत. रॉबर्ट स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतही (१९१०–१३) अशा गवताचा वापर झाला. याउलट, १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांच्या रबरी तळाच्या बुटांत चालताना आलेला घाम विश्रांतीच्या वेळी गोठला व अनेकांना हिमदंश झाला. पुढे दोन रबरी थरांमध्ये निरोधक द्रव्य बंदिस्त केलेले बूट प्रचारात आले. त्यांत घाम निरोधकापर्यंत पोहोचत नाही.

सुट्या अस्तरांसाठी लोकरीचा नमदा, पॉलिएस्टर तंतू व बंद कोशिकांचा पॉलिएथिलीन फेस ही द्रव्ये वापरतात. लोकर काही प्रमाणात दमट झाली तरी ऊब देते, परंतु सावकाश वाळते. कृत्रिम तंतू लवकर वाळतात. बंद कोशिकांच्या फेसात पाणी फारसे शिरत नाही. म्हणून गिर्यारोहणाच्या दुहेरी बुटांत तो वापरतात.

अस्तर निवडताना तापमानाबरोबरच हवेतील ओल, श्रमाचे प्रमाण व मुक्कामाचा काळ विचारात घ्यावा लागतो. दीर्घ मोहिमेत वाळविण्यासाठी काढता येणारे अस्तर आवश्यक असते. शक्य असल्यास त्याची दुसरी जोडी जवळ ठेवावी. बुटाचे माप अस्तर व मोजे घालूनच घ्यावे आणि बोटे मोकळी हलतात की नाही, हे पाहावे. घट्ट बुटात जाड अस्तर कोंबल्यास ते दाबले जाऊन त्यातील हवा कमी होते व पायाच्या रक्ताभिसरणातही अडथळा येतो. परिणामी अस्तर जाड असूनही पाय अधिक गार पडतो. सियाचीनसारख्या हिमनदीवर, जेथे हिवाळ्यात तापमान –५०° से.च्याही खाली जाते, अशी चूक बोटे गमावण्यास कारणीभूत होऊ शकते.