कापलेली नस कशी वाढते?



आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले पुष्कळ लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात. माझे बाबाही गेले होते. तिथे कोयता त्यांच्या मनगटाला लागला. डॉक्टरांनी नस शिवली. जखम भरली, पण बोटांना काही कळेना. गरम चहाचा पेला धरला तरी चटका समजत नव्हता. बाबा म्हणाले, "हात गेला आता." त्या रात्री आई जेवली नाही.

डॉक्टर म्हणाले, "धीर धरा. नस रोज साधारण १ मिलिमीटर वाढते." मी पट्टीने मोजले. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८० मिलिमीटर भरले. म्हणजे १८० दिवस, सहा महिने!

नस वाढते तरी कशी? मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहितो.

नस म्हणजे चेतापेशींचे लांब लांब धागे. बोटाला स्पर्श कळवणाऱ्या पेशीचे मूळ मानेजवळ, कण्याच्या बाजूला असते. धागा कापला की पुढचा तुकडा मरतो. पण मूळ जिवंत असते. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो ना, तसे धाग्याला नवे टोक फुटते.

वाढायला शक्ती लागते. ती तंतुकणिका तयार करतात. धाग्यावरच्या पातळ आवरणाला स्निग्ध पदार्थ लागतात. ते आंतर्द्रव्यजालिका नावाच्या बारीक नळ्यांच्या जाळ्यात बनतात. ही दोघं ठिकठिकाणी अगदी जवळ येतात. १ मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या एक ते तीन भागांएवढीच फट उरते! तिथून जाळे तंतुकणिकेला कॅल्शियम देते, मग ती जास्त शक्ती करते. स्निग्ध पदार्थही इकडून तिकडे जातात. आई कुडावरून शेजारच्या काकूला वाटीभर मीठ देते, तसेच हे. हा शेजार बिघडला तर चेतापेशीला त्रास होतो.

मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका या शास्त्रज्ञ चेतापेशीच्या धाग्यातून माल कसा जातो ते शोधतात. त्यासाठी त्या १ मिलिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा कृमी पाळतात. त्याच्यात फक्त ३०२ चेतापेशी असतात.

पालकांनो, हात कापून बोट बधिर झाले तर हळद भरून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा. आणि बधिर हात चुलीपासून जपा.

नस शिवून आज ११५ दिवस झाले. काल बाबांना डोळे मिटायला सांगून मी मधल्या बोटाच्या मुळाशी पेन्सिल टेकवली. ते म्हणाले, "कळलं रे!" आई हसली.

अजून ६५ दिवस आहेत. मी दारामागे रोज एक रेघ मारतो.

— इयत्ता ४ थी